खेळाडूचा पगार आणि वेटरची बक्षिशी

श्रोतेहो,

सामना थांबला की चाहत्यांच्या गप्पांना खरा रंग चढतो. पाऊस आला, एखाद्या खेळाडूचा पाय मुरगळला किंवा पंचांचा निर्णय पडद्यावर पुनःपुन्हा तपासला जाऊ लागला की, ज्यांची ओळख केवळ अंगातल्या एकाच रंगाच्या सदऱ्यापुरती असते अशी माणसे एकमेकांशी घरातल्या, खिशातल्या आणि नोकरीतल्या गोष्टी बोलू लागतात. अशाच एका खोळंब्यात माझ्या पुढच्या रांगेत झालेला संवाद आजच्या व्याख्यानाचे निमित्त आहे. एक गृहस्थ आपल्या आवडत्या बचावपटूच्या करारावरून संतापले होते. "बाजारात त्याची किंमत दुप्पट आहे, आणि क्लब त्याला एवढ्याशा पैशात राबवतो, काही लाज आहे की नाही?" असे ते म्हणत होते आणि आसपासचे माना डोलावत होते. थोड्या वेळाने विषय आदल्या रात्रीच्या जेवणावर गेला, आणि तेच गृहस्थ म्हणाले, "बिल भरायचं ते भरायचं, वर आणखी टिप कशाला? परवडत नसेल तर त्या वेटरने दुसरी नोकरी बघावी." यावर मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो, मग तुमच्या बचावपटूनेही दुसरा क्लब बघावा की! त्याला कोणी बांधून ठेवलंय?" सगळे हसले, ते गृहस्थही हसले, आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

मागच्या रांगेतल्या त्या माणसाने थट्टेत विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. खेळाचा चाहता हा पगाराच्या विषयात अडाणी नसतो. उलट वेतनाबद्दल सामान्य माणसाला जितके कळते त्यापेक्षा त्याला पुष्कळच जास्त कळते. एखाद्या संघाचे वेतनखर्चाचे वार्षिक बंधन किती, त्यातले किती वापरून झाले, कोणत्या खेळाडूचा करार कधी संपतो, नवख्याला किमान किती मिळाले पाहिजेत आणि खेळाडूंच्या संघटनेने मालकांकडून कोणत्या वर्षी काय पदरात पाडून घेतले, हे तो झोपेतून उठवले तरी सांगेल. मग हाच माणूस उपाहारगृहाच्या टेबलाशी बसला की एवढे सगळे ज्ञान कुठे जाते? त्याचे मन कठोर असते असे मला वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की खेळाडूच्या बाबतीत त्याला दोन गोष्टी माहीत असतात, पैसे किती आणि ते देणारा कोण. वेटरच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी त्याच्यापासून झाकलेल्या असतात. झाकण घातले आहे ते टिपेने. आज मी बोलणार आहे ते या झाकणाबद्दल.

खेळाडूच्या पगारावरचे झाकणही काही आपोआप निघालेले नाही. इंग्लंडमध्ये १९०१ सालापासून फुटबॉलपटूच्या पगाराला वरची मर्यादा होती. तेव्हा ती आठवड्याला ४ पौंड होती, आणि साठ वर्षांनी ती जेमतेम २० पौंडांवर आली होती. मैदानात हजारो माणसे तिकीट काढून येत, आणि ज्याच्यासाठी ती येत तो खेळाडू अनेकदा त्यांच्याच बसने घरी जाई. मालकांचा युक्तिवाद असा होता की मर्यादा उठली तर श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू पळवतील आणि छोट्या क्लबांना टाळे लागेल. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष जिमी हिल याने संपाची तयारी केली, आणि जानेवारी १९६१मध्ये ही मर्यादा रद्द झाली. लगोलग फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. मालकांची भीती सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणणार नाही, कारण श्रीमंत आणि गरीब क्लबांतले अंतर पुढे खरोखरच वाढले. तरीही आज कोणता चाहता म्हणेल की खेळाडूला पुन्हा २० पौंडांवर आणा, म्हणजे तिकीट स्वस्त होईल? वेटरचा पगार वाढवा म्हटले की "मग जेवण महागेल" हे उत्तर मात्र सगळ्यांच्या जिभेवर तयार असते.

आता मी तुम्हाला क्रिकेटमधल्या एका जुन्या प्रथेकडे नेतो, कारण खेळाडूही एके काळी वेटरच होता हे आपण विसरलो आहोत. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या लँकेशायर लीगमध्ये प्रत्येक क्लब एक व्यावसायिक खेळाडू पगारावर ठेवत असे आणि बाकीचे हौशी असत. या लीगमध्ये कोणी अर्धशतक काढले किंवा ठरावीक बळी घेतले की मैदानाभोवती पेट्या फिरवल्या जात. डोळ्यांपुढे आणून पाहा. फलंदाजाने पन्नासावी धाव घेतली आहे, टाळ्या अजून थांबलेल्या नाहीत, आणि सीमारेषेबाहेरच्या गवतावरून मुले पेट्या खुळखुळवत निघाली आहेत. गिरणीतून सुटून आलेला कामगार खिशात हात घालतो, एक नाणे काढतो, ते परत ठेवतो, दुसरे लहान नाणे शोधतो आणि पेटीत टाकतो. त्या फलंदाजाने शतक काढले की सत्तर, खेळपट्टी कशी होती, समोरचा गोलंदाज कोण होता, यापेक्षा त्या दिवशी ऊन पडले होते का, प्रेक्षक किती आले होते आणि त्या आठवड्याचा पगार होऊन गेला होता की व्हायचा होता, यावर पेटीतली रक्कम ठरे. ज्याने कधी टिपेवर काम केले आहे त्याला हे वर्णन नवे वाटणार नाही. दुकाळी शुक्रवार आणि भरभराटीचा शनिवार यांतला फरक त्याला पाठ असतो, आणि त्या फरकात त्याच्या कौशल्याचा वाटा किती थोडा असतो हेही त्याला ठाऊक असते.

प्रेक्षकांकडून येणाऱ्या अशा पैशाला काय म्हणायचे, मजुरी की भेट, हा प्रश्न शेवटी न्यायालयात गेला, आणि तो प्राप्तिकर खात्याने नेला. केंट परगण्याचा व्यावसायिक फलंदाज जेम्स सेमोर याच्यासाठी १९२० साली एक गौरव सामना ठेवण्यात आला होता, आणि त्याच्या उत्पन्नातून त्याला सुमारे ९३९ पौंड मिळाले. कर खात्याने त्यावर कर मागितला. १९२७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की ही रक्कम नोकरीचा मोबदला ठरत नाही. एका आवडत्या माणसाला लोकांनी कौतुकाने दिलेली ती भेट आहे, आणि तिच्यावर कर नाही. त्यानंतर पाव शतकाने ब्रूस डूलँड हा ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर लँकेशायर लीगच्या ईस्ट लँकेशायर क्लबकडून खेळत असताना त्याच्या नावाने फिरलेल्या पेट्यांचा वाद उभा राहिला. सेमोरचा निकाल समोर होता, तरी या वेळी अपील न्यायालयाने उलट कौल दिला. कारण साधे होते. डूलँडच्या करारातच लिहिले होते की ठरावीक कामगिरी केली तर पेटी फिरवली जाईल. जे करारात लिहिले आहे, जे पुनःपुन्हा मिळते आणि ज्याच्या भरवशावर माणूस नोकरी पत्करतो, ते पैसे प्रेक्षकांच्या खिशातून आले असले तरी नोकरीचेच पैसे होत, असे न्यायाधीशांनी ठरवले. या दोन निकालांच्या मध्ये, १९४७ साली, एका टॅक्सीचालकाच्या टिपेबद्दलही इंग्लंडच्या न्यायालयाने हेच म्हटले होते: नेहमीची टिप ही कामाची कमाई आहे.

मला डूलँडचा निकाल कोणत्याही अर्थशास्त्रीय ग्रंथापेक्षा अधिक उपयोगी वाटतो. टिप ही भेट आहे की पगार, या एका प्रश्नावर चाहत्यांच्या तासभर चाललेल्या वादाचे निम्मे चऱ्हाट उलगडते. देणारा तिला भेट समजतो, म्हणून न देण्याचा हक्क तो राखून ठेवतो. घेणारा तिच्यावर घरभाडे भरतो, म्हणून त्याच्या लेखी ती पगार असते. आणि मालक? त्याला ती दोन्ही असावी असे वाटते: ग्राहकाशी बोलताना भेट, आणि पगारपत्रक भरताना पगार. आयजीच्या जिवावर बायजी उदार व्हावी, तसा हा प्रकार आहे.

अमेरिकेच्या कायद्याने तर मालकाची ही सोय छापून ठेवली आहे. टिपेची चाल तिथे यादवी युद्धानंतरच्या दशकांत फोफावली, आणि तिचा सगळ्यात मोठा भार नव्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर पडला. रेल्वेचे शयनडबे चालवणाऱ्या पुलमन कंपनीचे हमाल तुटपुंज्या पगारावर आणि प्रवाशांच्या मर्जीवर जगत. त्यांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि बारा वर्षांनी, १९३७ साली, कंपनीला करारावर सही करायला लावली. या कराराच्या आधी टिपेवर बंदी घालण्याचाही प्रयोग झाला. वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली सुरुवात केली आणि पुढे आणखी पाच राज्यांनी तसे कायदे केले, पण १९२६पर्यंत ते सगळे गुंडाळावे लागले. देणारा देतो आणि घेणारा घेतो, तिथे पोलीस काय करणार?

किमान वेतनाचा संघीय कायदा १९३८ साली आला तेव्हा उपाहारगृहांतले बहुतेक कामगार त्याच्या बाहेरच राहिले. १९६६च्या दुरुस्तीने त्यांना आत घेतले, मात्र एक पाचर मारून: किमान वेतनाचा अर्धा भाग मालकाने टिपेतून वळता करून घ्यायला हरकत नाही. यालाच टिप क्रेडिट म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर ग्राहकाने टेबलावर ठेवलेल्या नोटेच्या पहिल्या भागाने वेटरची कमाई वाढतच नाही. तो मालकाच्या देण्यातून वजा होतो. १९९१ साली किमान वेतन तासाला ४.२५ डॉलर होते, त्याच्या निम्मे म्हणून मालकाने रोख द्यायचा दर २.१३ डॉलर ठरला. १९९६ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, किमान वेतन वाढवले, पण २.१३चा आकडा तिथेच गोठवला. २००९ साली किमान वेतन ७.२५ झाले, तरी २.१३ जागचा हलला नाही, आणि आजही संघीय कायद्यात तोच आहे. अनेक राज्यांनी स्वतःचे दर वाढवले आहेत, आणि कॅलिफोर्निया, नेवाडा, ओरेगन, वॉशिंग्टन, मोंटाना, मिनेसोटा व अलास्का या सात राज्यांत ही वजावट चालतच नाही. पण जिथे राज्याने काही केले नाही तिथे संघीय आकडाच लागू होतो.

हा आकडा जवळून कसा दिसतो ते पाहू. आठवड्याचे ४० तास धरले तर मालकाकडून होतात ८५.२० डॉलर. कायद्याने वेटरच्या हाती एकूण किमान २९० डॉलर पडले पाहिजेत, मधली २०४.८० डॉलरची खिंड ग्राहकाने भरायची असते. ग्राहक कमी पडले तर मालकाने उरलेले घालावेत असा नियम आहे, पण ते मागायला वेटरनेच जायचे असते, आणि कोणत्या टेबलांवर कोणाची पाळी लावायची हे ठरवणाऱ्या माणसाकडेच जायचे असते. आता समजा आठवडा बरा गेला आणि ७०० डॉलर टिप मिळाली. सामाजिक सुरक्षा आणि वैद्यकीय विम्याची ७.६५ टक्के कपात पगार आणि टिप दोन्ही मिळून ७८५.२० डॉलरवर लागते, म्हणजे सुमारे ६० डॉलर. उरलेले २५ डॉलर प्राप्तिकराच्या आगाऊ कपातीत जातात. वेटरच्या हाती मालकाकडून येणाऱ्या पगाराच्या धनादेशावर शून्य लिहिलेले असते. अमेरिकेतल्या वेटरांना या शून्याचे नवल राहिलेले नाही. ज्याच्या नोकरीत तो आहे त्याच्याकडून त्याला प्रत्यक्षात काहीच मिळत नाही, आणि तरीही गणवेश, वेळापत्रक आणि हुकूम त्याचेच पाळायचे. शिवाय दुकान उघडण्यापूर्वी काटेचमचे रुमालात गुंडाळून ठेवायचे, बरण्या भरायच्या, टेबले पुसायची, तेव्हा टिप देणारे कोणीच समोर नसते.

टिप क्रेडिट आले त्याच १९६६ साली, योगायोगाने, अमेरिकेतल्या बेसबॉलपटूंनी मार्विन मिलर या पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेल्या माणसाला आपल्या संघटनेचे प्रमुखपद दिले. त्या वेळी मोठ्या लीगमधल्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ६,००० डॉलर होते. दोन वर्षांत पहिला सामूहिक करार झाला आणि ते १०,००० झाले. २०२५ साली ते ७ लाख ६० हजार डॉलर होते. कोणी म्हणेल, खेळाडू आणि वेटर यांची तुलनाच कशी होईल, एकाला चेंडू मारता येतो आणि दुसऱ्याला ताट नेता येते. हे कबूल आहे. दोघांना सारखे पैसे मिळावेत असे माझे म्हणणेही नाही. पण १९६६च्या बेसबॉलपटूला चेंडू आजच्याइतकाच मारता येत होता. फरक पडला तो वाटाघाटीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोण बसले आहे हे स्पष्ट झाल्यामुळे. वेटर वाटाघाटी कोणाशी करणार? एका रात्रीत चाळीस टेबलांवरच्या चाळीस मालकांशी?

चाहत्यांना मी नेहमी सांगतो की मार्च २०१८मधला अमेरिकेचा अर्थसंकल्पीय कायदा एकदा चाळून पाहा. दोन हजारांहून अधिक पानांच्या त्या बाडात दोन लहानशी कलमे आहेत. एका कलमाने मालक आणि व्यवस्थापक यांना वेटरांच्या टिपेला हात लावायला मनाई केली. दुसऱ्या कलमाने बेसबॉलच्या दुय्यम लीगमधल्या खेळाडूंना किमान वेतनाच्या आणि जादा तासांच्या कायद्यातून वगळले. म्हणजे ज्या कायद्याने वेटरच्या खिशाला बटण लावले त्याच कायद्याने होतकरू खेळाडूचा खिसा उसवला. त्या खेळाडूंतले अनेक जण हंगाम संपला की पोटासाठी मिळेल ते काम करत, आणि त्यात उपाहारगृहातले कामही असे. रात्री ज्याच्या झेलावर टाळ्या पडल्या, हिवाळ्यात त्याच्याकडूनच पाणी मागवून घेतले, अशी वेळ एखाद्या चाहत्यावर आली असेलही, आणि त्याने ओळखले नसेल. त्या खेळाडूंनी २०२२ साली संघटना केली आणि २०२३च्या वसंतात पहिला करार मिळवला. सर्वांत वरच्या पायरीवरच्या खेळाडूचे वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाले, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवरच्याचे ४,८०० वरून १९,८०० वर गेले. तिकिटे महागतील म्हणून कोणी चाहते रस्त्यावर उतरल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

चाहता वेटरच्या बाजूचा का होत नाही या प्रश्नाला एक अपवाद आहे, आणि तो मोठा बोलका आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये मेक्सिकोतल्या एका स्पर्धेत गोल्फपटू मॅट कुचर जिंकला आणि त्याला १२ लाख ९६ हजार डॉलरचे बक्षीस मिळाले. त्याचा नेहमीचा कॅडी, म्हणजे खेळताना त्याची काठ्यांची पिशवी वाहणारा मदतनीस, सोबत नव्हता, म्हणून त्याने तिथलाच एक कॅडी घेतला होता. त्याला त्याने ५,००० डॉलर दिले. व्यावसायिक दौऱ्यावर जिंकलेल्या बक्षिसाचा सुमारे दशांश कॅडीला द्यायचा रिवाज आहे. हिशेब केला तर तो १ लाख २९ हजारांच्या घरात जातो. बातमी फुटली तेव्हा कुचरने बचाव केला की ठरले होते त्याप्रमाणेच पैसे दिले, आणि दिवसाला २०० डॉलर कमावणाऱ्या माणसाला ही रक्कम मोठीच आहे. चाहते उसळले. फेब्रुवारी २०१९मध्ये पुढच्या स्पर्धेत प्रेक्षकांतून त्या कॅडीच्या नावाने टोमणे आले, आणि अखेर कुचरने माफी मागून एकूण ५०,००० डॉलर पुरे केले. गंमत अशी की कुचरने जे वाक्य उच्चारले तेच वाक्य हे चाहते एरवी वेटरबद्दल सर्रास वापरतात: तशा माणसाला एवढे पुरे. मग इथे ते का चिडले? कारण इथे वरचा आकडा सगळ्यांना ठाऊक होता. बक्षीस किती, रिवाज किती, दिले किती, हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले गेले आणि वजाबाकी शाळकरी मुलालाही येते. उपाहारगृहात या तीनपैकी एकही आकडा ग्राहकाला दिसत नाही. शनिवारच्या रात्री गल्ल्यात किती जमले हे फलकावर लागत नाही.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की टिप काढून टाकली, पगार वाढवला आणि प्रश्न मिटला. एवढे सरळ ते नाही, आणि यात चाहत्यांपैकी विरुद्ध पक्षाचेही काही बरोबर आहे. न्यूयॉर्कच्या डॅनी मेयर या नामवंत उपाहारगृह चालकाने २०१५ साली टिप बंद केली आणि पदार्थांच्या किमतीतच सेवा धरली. त्याचा हेतू चांगला होता. टिप बाहेर टेबलावर मिळते आणि भट्टीपाशी उभा असलेला स्वयंपाकी तिच्यापासून वंचित राहतो. त्या राज्याचा कायदा तर टिपेत स्वयंपाक्याला वाटा द्यायलाही परवानगी देत नाही. पण टिप गेल्यावर ज्यांची रात्रीची कमाई घटली असे जुने वेटर मोठ्या संख्येने सोडून गेले, हे मेयरने स्वतःच मान्य केले, आणि २०२० साली महामारीत दुकाने पुन्हा उघडताना त्याने टिप परत आणली. नोव्हेंबर २०२४मध्ये मॅसेच्युसेट्सच्या मतदारांपुढे टिपेवरच्या कामगारांना पुरे किमान वेतन देण्याचा प्रस्ताव आला. तो मतदारांनी नाकारला, आणि विरोध करणाऱ्यांत कित्येक वेटरही होते. महागड्या जागी, चांगल्या पाळीवर काम करणारा वेटर टिपेवर खूश असतो, जसा लँकेशायरमध्ये फॉर्मात असलेला फलंदाज पेटीवर खूश असे. अकराव्या क्रमांकावर येणाऱ्याला पेटीबद्दल काय वाटे, ते मात्र कोणी विचारल्याचे दिसत नाही.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. २००९पासून तिथे टिप किमान वेतनात मोजता येत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या कायद्याने मालकाला टिपेतला एक पेनीही कापता येत नाही. ती कामगारांत न्याय्य रीतीने वाटावी लागते. म्हणजे आधी पगार, मग भेट. सेमोर आणि डूलँड यांना न्यायालयाने वेगवेगळ्या खान्यांत बसवले होते, तसे हे दोन पैसे वेगळे केले. अमेरिकेने मात्र जुलै २०२५मध्ये टिपेला प्राप्तिकरातच सूट दिली: २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी २५,००० डॉलरपर्यंतची टिप उत्पन्नातून वजा करता येते. निवडणुकीच्या सभेत टाळ्या घेणारी ही कल्पना आहे, आणि ज्या वेटरला तिचा फायदा होईल त्याचा मला हेवा नाही. पण भिंतीपलीकडे तेवढ्याच पैशात, तेवढेच तास भांडी घासणाऱ्या माणसाला टिप मिळत नाही, म्हणून तो कर पूर्ण भरतो. मालकाला यात एक दमडीही घालावी लागलेली नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे याहून वेगळे काय असते?

वाटपाचा प्रश्न खेळाडूंनी कसा सोडवला आहे, ते पाहण्यासारखे आहे. बेसबॉलच्या हंगामाअखेरच्या स्पर्धेत तिकीटविक्रीतून एक निधी जमतो आणि यशाच्या प्रमाणात तो संघांत वाटला जातो. संघाच्या वाट्याला आलेली रक्कम कोणाला किती द्यायची हे मालक ठरवत नाहीत. खेळाडू बंद दाराआड बसून मतदान करतात. कोणाला पूर्ण वाटा, कोणाला अर्धा किंवा पाव, आणि कोणाला ठरावीक रोख रक्कम. मधेच दुसऱ्या संघात गेलेला खेळाडू, मालिश करणारा, सदरे धुणारा, बुटांवरची माती खरवडणारा, जेवणाची ताटे मांडणारा, अशा सगळ्यांचा विचार त्या खोलीत होतो. एरवी यांतल्या सदरे धुणाऱ्या, ताटे मांडणाऱ्या मंडळींची कमाई खेळाडूंच्या टिपेवरच बरीचशी अवलंबून असते, म्हणजे त्या खोलीत वेटर आणि ग्राहक यांची जागा क्षणभर बदललेली असते. कधी मन मोठे होते, कधी होत नाही. एखाद्या संघाने सदरे धुणाऱ्याला चुलतभावासारखे वागवले आणि दुसऱ्याने हात आखडला, अशा कुजबुजी दरवर्षी कानावर येतात. मतदानाचा निकाल पुढे लीग जाहीर करते. प्रत्येक संघाने किती पूर्ण वाटे दिले, किती अर्धवट वाटे दिले आणि किती रोख बक्षिसे दिली, हे आकडे त्यात असतात, नावे नसतात. चाहते त्यातला फक्त पूर्ण वाट्याचा आकडा वाचतात आणि पुढच्या मोसमाच्या करारांकडे वळतात. मी मात्र रोख बक्षिसांचा आकडा आधी पाहतो, आणि त्या रोख बक्षिसांत सदरे धुणारा असेल का, असेल तर त्याच्या हातात किती पडले असतील, याचा अंदाज बांधत बसतो.